गट धावण्याच्या जाहिरातीत शेवटच्या धावकाचा वेगही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत धावण्याच्या गटांवर आलेला लेख वाचला. कोणता गट किती किलोमीटर धावतो, कुठल्या गटातले किती जण मॅरेथॉन पूर्ण करून आलेत, कुणाचा पेस (एका किलोमीटरला लागणारा वेळ) काय, ही माहिती नेटकी आहे आणि धावणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. पण आयुष्यात पहिल्यांदाच अशा गटात जाऊन उभं राहायचा विचार करणाऱ्या माणसाच्या मनात जो प्रश्न असतो, त्याला लेखात कुठेच जागा मिळालेली नाही. तो प्रश्न असा: मी सगळ्यांच्या मागे राहिले, तर माझ्यासाठी कुणी थांबेल का?

माझ्या ओळखीत असे कितीतरी बायका-पुरुष आहेत ज्यांनी बूट घेऊन ठेवलेत, एकट्याने थोडंफार धावूनही पाहिलंय, आणि गटात जायचं म्हटलं की त्यांचे पाय अडखळतात. कारण विचारलं की उत्तर एकच येतं: आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको. ही माणसं मोजली जात नाहीत, कारण ती कधी आलेलीच नसतात. म्हणून हे पत्र.

मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. हिशेब खात्यात काम करते, दिवसाचा बहुतेक वेळ खुर्चीत जातो. डाव्या कानाने मला कमी ऐकू येतं. अलीकडेच मी पहिल्यांदा एका गटाबरोबर धावले आणि आता नियमित जाते. गटाचं नाव इथे देत नाही, कारण हे पत्र त्याची जाहिरात नाही. तिथे काय केलं जातं, तेवढंच सांगायचं आहे.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘सर्वांसाठी खुला. सर्व पातळ्यांच्या धावकांचं स्वागत.’ असं प्रत्येकच गट लिहितो, आणि मनापासून लिहीत असेल. पण नव्या माणसाला त्यातून काहीही कळत नाही. म्हणून मी दिलेल्या नंबरवर फोन केला आणि विचारलं, ‘तुमच्यात सगळ्यात सावकाश धावणाऱ्या माणसाला पाच किलोमीटरला किती वेळ लागतो?’ पलीकडच्या गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, ‘पन्नास मिनिटं. आणि त्यांच्या मागे आमचं एक माणूस असतं, ते पुढे जात नाही.’

या दोन वाक्यांनी मला घराबाहेर काढलं. पाच किलोमीटरला पन्नास मिनिटं म्हणजे किलोमीटरला दहा मिनिटं, ताशी सहा किलोमीटर. हा भरभर चालण्याचा वेग आहे. आकडा हाती आला की माणूस घरी बसून ताळा करू शकतो. मी त्याआधी काही आठवडे एकटीच थोडं धावणं, थोडं चालणं असं करत होते, त्यामुळे हा वेग मला जमेल हे मला कळलं. ‘सर्व पातळ्या’ या शब्दांवरून ते कधीच कळलं नसतं.

प्रत्यक्ष त्या सकाळी मी वेळेच्या बरीच आधी पोचले. पन्नास-साठ जण तरी असतील. सगळे एकमेकांना ओळखणारे, घड्याळं जुळवणारे, गेल्या वेळच्या धावण्याच्या गप्पा मारणारे. अशा घोळक्याच्या कडेला उभं राहणं फार अवघड असतं, आणि नेमक्या त्याच दहा मिनिटांत नवा माणूस परत फिरतो असं माझं ठाम मत झालं आहे. धावण्याचा त्रास पुढे सोसता येतो. त्या दहा मिनिटांत कुणी बोललं नाही, तर पुढचं काही घडतच नाही.

माझ्याशी बोलायला एक तिशीची मुलगी आली. तिने मला तीन गोष्टी विचारल्या: नाव काय, आधी किती धावलात, आणि शरीराचं काही दुखणंखुपणं आम्हाला माहीत असायला हवं का. मी कानाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग मी तुमच्या उजव्या हाताला धावेन, काकू.’ तिने त्याचं काही अप्रूप केलं नाही, सहानुभूतीही दाखवली नाही. धावताना मात्र ती शेवटपर्यंत उजवीकडे होती. मागाहून सायकल आली की हाताने खूण करायची. सगळ्यात मागे राहायची त्या दिवशीची पाळी तिची होती.

वॉर्मअप सगळ्यांनी मिळून केला: गुडघे उचलणं, पाय मागे-पुढे झोकणं, घोटे फिरवणं, मग थोडं चालणं. ताण धरून ठेवायचे व्यायाम धावून झाल्यावर. नंतर मुख्य मार्गदर्शकांनी पुढे उभं राहून सूचना दिल्या. मला त्यातल्या अर्ध्याही ऐकू आल्या नाहीत, आणि माझ्या आसपासच्या, दोन्ही कान धड असलेल्या माणसांनाही आल्या नाहीत, कारण पुढच्या रांगेत गप्पा चालू होत्या. नेहमी येणाऱ्यांना त्याने फरक पडत नाही, त्यांना रस्ता पाठ असतो. वळायचं कुठे, पाणी कुठे, मध्येच थांबावंसं वाटलं तर कुणाला सांगायचं, हे नव्या माणसालाच ऐकायचं असतं आणि तो सगळ्यात मागे उभा असतो. सूचना घोळक्याच्या मधोमध उभं राहून द्याव्यात, एवढं केलं तरी पुरे. त्या मुलीने मला त्या समोर उभं राहून पुन्हा सांगितल्या.

मग सगळे सुटले, आणि इथे एक गोष्ट अनुभवाला आली जी प्रत्येक नव्या धावकाला आधी कुणीतरी सांगायला हवी. नॉर्मन ट्रिपलेट नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने 1898 मध्ये सायकलस्वारांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की माणूस एकट्याने जितक्या वेगाने सायकल चालवतो, त्याहून जास्त वेगाने तो दुसऱ्याच्या सोबत चालवतो. मानसशास्त्राच्या पुस्तकांत हे आजही शिकवतात. गटाची सगळी गंमत यात आहे, आणि नवख्याचा धोकाही यातच आहे. साठ माणसं पुढे निघाली की पाय आपसूक त्यांच्या तालावर पडायला लागतात. दोन-तीन मिनिटांत धाप लागते, आणि मग माणसाला वाटतं आपल्यात दमच नाही. दम असतो, वेग दुसऱ्याचा असतो.

ती मुलगी म्हणाली, ‘काकू, माझ्याशी बोला. पूर्ण वाक्यात बोला. वाक्य तुटलं की आपण वेग कमी करायचा.’ मी तिला माझ्या कामाबद्दल सांगत होते, मार्चअखेरीच्या गडबडीबद्दल. वाक्य मध्ये तुटायला लागलं की ती हळू व्हायची, मला काही न म्हणता. घड्याळाकडे बघायची गरज पडली नाही. हृदयाचे ठोके मोजायचं यंत्र नसलं तरी बोलता येतंय की नाही यावरून श्रमाचा अंदाज चांगला येतो, हे व्यायामशास्त्रात मान्य झालेलं आहे. पण त्यासाठी बोलायला कुणीतरी शेजारी लागतं. ही चाचणी एकट्याने करणं कठीण.

बोलता येईल इतक्याच वेगाने धावायची ही रीत ज्यांनी सामान्य माणसांत रुजवली, त्यात न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांचं नाव मोठं आहे. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी, पीटर स्नेल यांनी 800 मीटरमध्ये आणि मरे हालबर्ग यांनी 5000 मीटरमध्ये, एकाच दिवशी सुवर्णपदकं मिळवली. पण मला त्यांचं मोठेपण दुसरीकडे दिसतं. ऑकलंडमध्ये त्यांनी मध्यमवयीन आणि वयस्क माणसांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनासुद्धा, गटाने सावकाश धावायला लावलं. 1962 च्या डिसेंबरात अमेरिकेतले नामवंत प्रशिक्षक बिल बोवरमन तिथे पाहुणे म्हणून गेले होते. पन्नाशी उलटलेली, जन्म मैदानावर गेलेला. लिडियार्ड यांच्या आग्रहाने ते त्या गटाबरोबर धावायला गेले आणि थोड्याच वेळात मागे पडले. तेव्हा सत्तरी ओलांडलेले, स्वतः हृदयविकारातून उठलेले एक गृहस्थ आपला वेग कमी करून त्यांच्या सोबत राहिले. बोवरमन मायदेशी परतले आणि 1963 मध्ये त्यांनी आपल्या ओरेगन राज्यातल्या युजीन गावात सामान्य नागरिकांसाठी असंच धावणं सुरू केलं. पुढे अमेरिकेत जॉगिंगची जी लाट आली, तिची एक मोठी सुरुवात तिथून झाली.

एवढा मोठा प्रशिक्षक पहिल्या दिवशी मागे पडला, आणि कुणीतरी त्याच्यासोबत थांबलं. गट चालवणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत वाचावी असं मला फार वाटतं. तो सत्तरीचा माणूस पुढे निघून गेला असता, तर बोवरमन घरी काय घेऊन गेले असते?

अर्ध्या वाटेच्या जरा अलीकडे माझ्या बरगड्यांखाली उजवीकडे कळ आली. आम्ही चालायला लागलो. तिने मला दुखतं तिथे हाताने दाबून थोडं पुढे वाकायला आणि लांब श्वास सोडायला सांगितलं. थोड्या वेळात कळ गेली. त्यानंतर आम्ही थोडं धावलो, थोडं चाललो, आणि असंच करत शेवटपर्यंत गेलो. मधे मधे चालणं म्हणजे हरणं, असं पुष्कळांना वाटतं. जेफ गॅलोवे 1972 च्या ऑलिंपिकमध्ये 10,000 मीटर धावलेले धावपटू. त्यांनी 1974 पासून नवख्यांना ठरवून धावणं आणि ठरवून चालणं आलटून-पालटून शिकवलं. दमल्यावर चालायचं नाही, दमायच्या आधी चालायचं, ही त्यातली मेख आहे.

आमचा रस्ता जाऊन-येऊन त्याच वाटेचा होता. त्यामुळे वळून परत येणारे सगळे वेगवान धावक मला समोरून भेटले. मी शेवटची असले तरी त्या रस्त्यावर एकटी पडले नाही. वेगवेगळ्या चालीची माणसं एकत्र धावणार असतील तर जाऊन-येऊन रस्ता किंवा छोटी फेरी हाच सगळ्यात माणुसकीचा मार्ग आहे, असं मला वाटतं. छोट्या फेरीत एक फेरी झाली की थांबता येतं, कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. एकाच दिशेचा लांब रस्ता असेल तर मागचा माणूस चुकतो, आणि चुकला हे पुढच्यांना कळतही नाही.

शेवटी पोचले तेव्हा बहुतेक लोक तिथेच होते, पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे ताण देत बसले होते. दोघा-तिघांनी मान हलवली, एकाने सरकून जागा केली. टाळ्यांचा कडकडाट नव्हता, आणि ते मला फार बरं वाटलं. काही ठिकाणी शेवटच्या माणसासाठी मोठा गजर करतात. हेतू चांगला असतो, पण सगळ्यांच्या नजरा नेमक्या त्या क्षणी आपल्याकडे वळाव्यात असं प्रत्येकाला वाटत नाही. लोक निघून गेलेले नव्हते, मला तेवढं पुरेसं होतं.

आता दुसरी बाजू. माझ्या ऑफिसातली एक सहकारी माझ्या आधी एका वेगळ्या गटात गेली होती. तिथेही ‘सर्वांसाठी खुला’ असंच लिहिलेलं होतं. पहिल्या किलोमीटरनंतर तिला पुढचं कुणी दिसेना. रस्ता विचारत विचारत ती परत पोचली तेव्हा सगळे पांगले होते आणि तिची पिशवी ज्यांच्याकडे ठेवली होती ते तिची वाट बघत वैतागून उभे होते. कुणी तिला वाईट बोललं नाही. पण ती पुन्हा कधी कुठल्याच गटात गेली नाही, आणि तिला मी अजून तयार करू शकलेले नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण ती माझ्यापेक्षा चांगली धावली असती.

जगात हे व्यवस्थित करून दाखवणारे लोक आहेत. 2004 च्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट यांनी 13 धावकांना घेऊन पाच किलोमीटरचं एक विनामूल्य धावणं सुरू केलं. आज ते ‘पार्करन’ नावाने वीसहून जास्त देशांत चालतं. तिथे ‘टेल वॉकर’ हे रीतसर काम असतं: एका स्वयंसेवकाने सगळ्यात मागे चालायचं. म्हणजे येणाऱ्या कुणावरही शेवटचं येण्याची पाळीच येत नाही, शेवटचा क्रमांक आधीच कुणीतरी घेतलेला असतो. याला पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही. एक माणूस लागतो आणि त्याने त्या दिवशी स्वतःचा वेग विसरायची तयारी लागते.

आमच्या वयाच्या बायकांसाठी हे आणखी गरजेचं का आहे, तेही लिहिते. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची 800 मीटरची शर्यत झाली, काही जणी शेवटी दमलेल्या दिसल्या, आणि मग 1960 पर्यंत ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना 200 मीटरच्या पुढची धावण्याची शर्यतच ठेवली नाही. स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन 1984 साली झाली, तेव्हा मी शाळेत होते. लांब धावणारी बाई बघत आम्ही लहानाच्या मोठ्या झालो नाही. पन्नाशीत पहिल्यांदा गटात उभी राहणारी बाई हे सगळं बरोबर घेऊन आलेली असते, आणि पहिल्या किलोमीटरला तिला एकटं सोडलं तर तिला जुनंच उत्तर मिळतं.

सावकाश धावून उपयोग काय, असंही मला विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, आणि भरभर चालणं त्यात येतं. पन्नास मिनिटांत पाच किलोमीटर जाणारा माणूस आठवड्यात तीनदा गेला की त्याची 150 मिनिटं भरतात. शेवटच्या माणसाचा व्यायामही पूर्ण व्यायाम आहे.

नव्याने जाणाऱ्यांना माझ्याकडून थोडंसं. हृदयाचा आजार, रक्तदाब, मधुमेह असेल किंवा श्रमाने छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. पहिल्या दिवशी कोरे बूट घालू नका, वापरून पायाला बसलेले घाला. कानात गाणी लावू नका. मला एका कानाने जेवढं ऐकू येतं त्याची किंमत रस्त्यावर कळते. आणि पहिला दिवस छान गेला म्हणून दुसऱ्याच दिवशी अंतर वाढवू नका. दम लवकर वाढतो, पण स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा आणि हाडं त्या मानाने सावकाश तयार होतात. श्वास साथ देतोय म्हणून माणूस पुढे जातो आणि नडगी किंवा टाच दुखवून बसतो. सगळ्यात महत्त्वाचं, जायच्या आधी फोन करा आणि सगळ्यात सावकाश माणसाला किती वेळ लागतो ते विचारा. उत्तर देता आलं नाही, तर दुसऱ्या गटाला फोन करा.

गट चालवणाऱ्यांनी हे उत्तर फोनची वाट न बघता आधीच लिहून टाकावं. अंतर किती, सगळ्यात मागच्या माणसाला लागणारा वेळ किती, त्याच्यासोबत कोण असतं, रस्ता जाऊन-येऊन आहे की एकेरी, सामान कुठे ठेवायचं, स्वच्छतागृह जवळ आहे का. यातलं काही नसेल तर नाही म्हणून लिहा, त्यातही काही कमीपणा नाही. वेगाने धावू इच्छिणाऱ्यांचा गट असायला काहीच हरकत नाही. तेवढं स्पष्ट लिहिलं म्हणजे माझ्या सहकारीसारखी माणसं तिथे जाणार नाहीत.

आणि आपल्याला एक विनंती. आपण दर आठवड्याला धावण्याच्या कार्यक्रमांची यादी छापता, त्यात वेळ, ठिकाण आणि अंतर असतं. त्या प्रत्येक नोंदीत आणखी एक ओळ द्यावी: शेवटचा धावक किती वेळात पोचतो आणि त्याच्यासोबत कुणी असतं का. जागेची अडचण असेल, तर ‘सर्वांसाठी खुला’ हे शब्द काढून त्या जागी ती छापावी. गटांकडून ही माहिती गोळा करायला माणूस लागणार असेल, तर फोन करायचं काम मी आनंदाने करीन आणि दर आठवड्याला यादी आपल्याकडे पाठवीन.

आपली,
एक वाचक